नाशिकात काढलेला समुद्र

सन १९७८, जानेवारी महिना, आणि नाशिकची ती जुनी थंडी, जिच्यात शाईची दौत सकाळी तळहातांत धरून ऊब दिल्याखेरीज रेघ उमटत नसे. साल आणि महिना आधीच सांगून टाकते. आमच्या शुक्रवारच्या बैठकीतल्या मैत्रिणींना "एकदा काय झालं" अशी सुरुवात चालते. मला चालत नाही. मी जुनी मॅट्रिक आहे. आमच्या वेळी उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्नाचा क्रमांक घालावा लागे.

नगररचनेच्या एका सरकारी कार्यालयात मी अनुरेखक होते. म्हणजे इतरांनी पेन्सिलीने काढलेले गावांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने गिरवणे, हे माझे काम. नोकरीतले किस्से पेन्सिलीच्या भुसकटासारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण खण पूर्ण ओढला की मागच्या कोपऱ्यात ढीग सापडतो. माझ्या खणातला सर्वांत मोठा ढीग एकाच कामाचा आहे. नाशिकला बसून आम्ही समुद्रकाठच्या एका गावाचा विकास आराखडा तयार केला, त्या कामाचा.

गावाचे नाव मी सांगणार नाही. कार्यालयात आम्ही त्याला नुसते "बंदर" म्हणत असू. जव्हारचा घाट उतरून एस.टी. पुढे कितीतरी वेळ धावली की ते येई. त्या बाजूच्या कार्यालयाकडे कामाची गर्दी झाली होती, म्हणून ते काम त्या जानेवारीत आमच्याकडे वळवण्यात आले. त्यात रस्ते होते, शाळा होती, बाजार होता. पण चार वर्षे ज्यावरून वाद चालला तो प्रश्न एवढाच होता की, हिराबाई तांडेल नावाच्या कोळणीची मासळी वाळवण्याची जागा आणि तिच्या शेजारची खाडीतली तिवरांची झाडे राहतात, की त्यांवर एस.टी.चे स्थानक होते.

आमचे प्रमुख गायधनी साहेब. मूळचे पंचवटीचे, सरळ रेषांवर अतोनात प्रेम. काम आल्याचे कळताच ते म्हणाले, "ज्यांनी गोदावरी सांभाळली, त्यांना समुद्र काय जड?"

मग कार्यालयात समुद्र पाहिलेले कोण कोण आहे, याची चौकशी झाली. मोजणीदार जाधव, निफाडचे, घरची द्राक्षबाग, तेवढे पुढे आले.

"म्या पाह्यलाय, साहेब. मुंबईला चौपाटीवर गेलो व्हतो."

"कसा वाटला?"

"भेळ खात व्हतो. समुद्राकडं पाठ व्हती."

साहेबांनी त्यांनाच मोजणीप्रमुख नेमले.

*

पहिल्या दौऱ्याला साहेब आणि जाधव गेले. मी गेले नव्हते. परंतु जाधव कोणतीही हकीकत दोनदा सांगत आणि दोन्ही वेळा सारखीच सांगत, म्हणून मी ती विश्वासाने लिहिते.

नाशिकच्या माणसाला पाणी दिसले की पायऱ्या सुचतात. साहेबांना तर पाणी दिसण्यापूर्वीच सुचल्या. निघण्याआधी त्यांनी बंदराच्या किनाऱ्यालगत एक लांबलचक दगडी घाट काढून ठेवला होता. घाटावर दिव्यांचे खांब, मध्ये एक छत्री, आणि टोकाला स्त्रियांसाठी वस्त्रांतरगृह. चित्र देखणे होते, हे मान्य केले पाहिजे.

किनाऱ्यावर त्यांना हिराबाई भेटली. उंच, धिप्पाड, कानांत-गळ्यात ठसठशीत सोने, आणि समोरच्याच्या हुद्द्याचे यत्किंचितही दडपण न बाळगणारी. गावातल्या साऱ्या कोळणी तिच्या शब्दावर चालत.

साहेबांनी आपल्याकडच्या शिरस्त्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "इथे पूर किती वर्षांनी येतो?"

"वर्सांनी?" हिराबाई म्हणाली. "दिसातून दोनदा येतो."

साहेबांनी पुन्हा विचारले, "आणि ओसरतो?"

"तोबी दोनदाच."

जाधवांनी दोन्ही उत्तरे नोंदवून घेतली. मग साहेबांनी घाटाचे चित्र उलगडले आणि वस्त्रांतरगृहावर बोट ठेवून समजावले, की अंघोळ झाल्यावर बायकांना लुगडी बदलण्यासाठी ही सोय.

"कोनाची अंघोळ?"

"तुमची."

"सायेब," हिराबाई म्हणाली, "आमी दर्यातून आलो का घरी जाऊन अंघोळ करतो."

परत आल्यावर साहेबांनी मला बोलावून सांगितले, "मोघेबाई, वस्त्रांतरगृह काढून टाका. घाट राहू द्या. लोकांना सवय लागेल."

*

त्यानंतर जाधव मोजणीसाठी पुन्हा गेले. सोबत जुनी दुर्बीण होती. तिच्यातून पाहिले की आभाळ खाली आणि जमीन वर दिसे. मोजणीदारांना त्याचा सराव असतो. ते जग उलटे पाहतात आणि सुलटे लिहितात.

जाधवांनी दुर्बीण लावली गावामागच्या टेकडीवर. किनाऱ्याजवळ जाणे त्यांनी टाळले, कारण वारा तिकडूनच येत होता आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे "वाऱ्यात मासळी व्हती." टेकडीवरून त्यांना काय दिसले? ओळीने रोवलेले बांबू, त्यांवर आडवे बांबू, आणि त्यांना घोसाने काहीतरी लोंबकळत असलेले. निफाडच्या माणसाने अशा दृश्याला जे नाव दिले असते तेच जाधवांनी दिले. मोजणीच्या कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिले: "द्राक्षमंडप."

आराखडाकार साळवे नाशिकरोडला राहत. अत्यंत नीटस काम करणारा माणूस. मंडप म्हटल्यावर त्यांनी तेथे बागायतीचा हिरवा रंग भरला. मी त्यावर शाईने अक्षरे काढली: "द्राक्षबाग." अक्षरे फार सुबक आली होती. नकाशा बंदराला गेला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला.

हिराबाईने तो सुनेकडून वाचून घेतला. जाधव पुढल्या खेपेला गेले तेव्हा ती त्यांचे मनगट धरून त्यांना थेट त्या जागेवर घेऊन गेली. तेव्हा कुठे जाधवांना वलांडी जवळून दिसल्या. वलांडी म्हणजे बांबूच्या चौकटी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी चौकटीवर टांगतात आणि उन्हात वाळवतात. साऱ्या कोळीवाड्याचे पावसाळ्यातले पोट त्यावर अवलंबून असते.

जाधवांनी बोंबलांची एक जोडी बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाले, "लांबून लय भारी पीक दिसत व्हतं, मावशी."

"पीक तर हायेच," हिराबाई म्हणाली. "तुज्याकडची द्राक्षं हिकडं धाड. वाळवायचं काम आमाला येतं. बेदानं करून देतो."

*

द्राक्षबाग खोडली, आणि खरी अडचण तेव्हाच उभी राहिली.

गायधनी साहेबांचा एक नियम होता. नकाशात कोरी जागा राहता कामा नये. "कोरी जागा म्हणजे अपुरे काम," असे ते म्हणत, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटत असे. वस्तीला पिवळा, पाण्याला फिकट निळा, बागेला हिरवा. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक रंग असतो, असे आमच्या कार्यालयाचे धोरण होते. हिराबाईची जागा हिरवी होती तोवर सर्व ठीक होते. हिरवा पुसल्यावर ती कोरी दिसू लागली. शेजारी खाडीच्या खाऱ्या चिखलात तिवरांची झाडे होती. त्यांची नोंद जाधवांनी "झुडपे, निरुपयोगी" अशी केली होती. म्हणजे तीही जागा कोरीच.

त्याच आठवड्यात बंदरातले व्यापारी साहेबांना भेटून गेले. गावाला एस.टी.चे स्थानक हवे होते, आणि ही मागणी वाजवी होती. साहेबांनी पेन्सिल उचलली आणि वलांडी व तिवरे मिळून जी कोरी जागा होती, तिच्यात स्थानक अगदी चपखल बसवले.

साळवे रंगाची ताटली घेऊन बराच वेळ बसून राहिले. मी विचारले, "काय झाले?"

"बाई, जाधव म्हणतात तिथे उधाणाचं पाणी येतं. मग ती जमीन समजू की पाणी? सकाळी पिवळा आणि दुपारी निळा होईल असा एखादा रंग मिळतो का?"

"मेनरोडवर चौकशी करा," मी म्हटले.

ते खरोखर जाऊन आले. दुकानदाराने म्हणे असा रंग सरड्याकडे मिळेल असे सांगितले.

*

नकाशा पुन्हा भिंतीवर लागला, आणि या वेळी हिराबाई नाशिकला आली. एकटी नव्हे, हरकत नोंदवायला तिच्याबरोबर एस.टी. भरून कोळणी होत्या.

त्या येणार हे आधी कळले होते. आमच्या शिपायाने कार्यालयाच्या दोन्ही दारांत उदबत्त्यांचे पुडे लावून ठेवले. साहेबांनी रुमालावर अत्तर शिंपडले. मी काहीच केले नाही. पाहुण्याच्या वासाची आधीपासून तजवीज करणे हे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

हिराबाई उंबरठ्यावर आली, आणि पदर नाकाला लावून तिथेच थबकली.

"बाय," ती मला म्हणाली, "हितं मेलंय काय?"

नकाशांच्या प्रती काढण्याचे आमचे यंत्र अमोनियावर चालत असे. त्या वासात आम्ही वर्षानुवर्षे बसलो होतो. आम्हाला तो येईनासा झाला होता. कोळणींपैकी दोघींना तर बाहेर वऱ्हांड्यात नेऊन वारा घालावा लागला. उदबत्त्या विझवल्या गेल्या. सुनावणी अखेर अंगणातल्या कडुनिंबाखाली झाली.

साहेबांनी विचारले, "स्थानक नको, असे तुमचे म्हणणे आहे?"

"स्थानक पायजे. आमी का पायी येतो बाजाराला? पन तितं नको."

"तिथे नुसती झुडपे आहेत."

"झुडपं नाय, तिवरं. कोलंबीची, बोयटांची पिलं त्यांच्या मुळांत वाढतात. मोठी झाली का भायेर दर्यात जातात. तू तितं एस.टी. उभी केलीस तर पिलांनी जायाचं कसं? तिकीट काढून?"

साळवे हसले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. साळवे हसायचे थांबले.

"तुमच्या भल्याचेच आहे," साहेब म्हणाले. "गावाची गटारेही आम्ही नीट बांधून खाडीत सोडणार आहोत."

"सोडा की," हिराबाई म्हणाली. "तुमचं गटार आमच्या खाडीत, आन आमची मासली तुमच्या शेराच्या ताटात. कुनाचंच वाया जायाचं नाय."

नाशिकला त्या वेळी मुंबईहून मासळी येत असे, आणि गायधनी साहेबांचे व्याही ती आवडीने खात. ही गोष्ट हिराबाईला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. पण साहेबांनी टिपण लिहिता लिहिता पेन बंद केले आणि "विचार करू," असे म्हणाले. "विचार करू" हे त्यांनी या प्रकरणात प्रथमच म्हटले.

निघताना हिराबाईने माझ्या हातांत वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा दिला. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. पण दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची असते, हे मला आईने शिकवले होते. मी पुडा घेतला, नमस्कार केला, आणि तो नकाशांच्या कपाटात ठेवून संध्याकाळी जाधवांच्या स्वाधीन केला.

त्या कपाटातले निफाड, चांदवड आणि मालेगावचे नकाशे पुढे कित्येक महिने समुद्रकाठचे वाटत असत.

*

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावर मोठे वादळ झाले. नाशिकला नुसता गार वारा सुटला. दोरीवरचे कपडे शेजारच्या वाड्यात जाऊन पडले, तेवढेच. साहेबांनी मात्र जाधवांना ताबडतोब बंदराला पाठवले. साहेबांचा स्वभाव हट्टी होता, पण नकाशावर काढलेल्या गावाची त्यांना माणसासारखी काळजी वाटे.

बंदराच्या उत्तरेला शेजारच्या गावाने आदल्याच वर्षी तिवरे तोडून किनाऱ्याला दगडी भिंत घातली होती. साहेबांच्या घाटाची ती धाकटी बहीण म्हणावी, अशी. साहेबांना तिचीच अधिक उत्सुकता होती.

जाधव परतले ते थेट साहेबांच्या खोलीत. मी आणि साळवे दाराशी उभे राहिलो. ऐकू येईल इतक्या अंतरावर उभे राहणे म्हणजे चोरून ऐकणे नव्हे.

"लोक कसे आहेत?"

"समदे धड हायेत, साहेब. होड्या आधीच वर वढल्या व्हत्या."

"भिंत?"

"भिंत कुठं हाय म्हणून इचारलं, तर म्हनले, आत्ता व्हती."

"आणि आपल्या बंदराची तिवरे?"

"त्यांचे केस इस्कटलेत," जाधव म्हणाले. "बाकी काय नाय. त्यांच्या मागं वलांडीचा एक बांबू पडला नाय."

 साहेबांनी नकाशाचे कापड टेबलावर पसरले आणि माझ्याकडे ब्लेड मागितले. कापडावरची शाई पुसता येत नाही. ती दाढीच्या ब्लेडने हळूहळू खरवडावी लागते.

मी म्हटले, "साहेब, घाट मी गिरवला आहे, मीच खरवडते. आपण कापड फाडाल."

"सगळ्या पायऱ्या काढाव्या लागतील का हो, बाई?"

"अर्ध्या पायऱ्यांवरून कोणी उतरत नाही, साहेब."

तो घाट खरवडायला मला दोन दिवस लागले. साहेब मधूनमधून येऊन पाहत आणि परत जात. तिसऱ्या दिवशी त्यांनी एस.टी.चे स्थानक उचलून शाळेमागच्या उंच माळावर नेले. गटाराची दिशा बदलली. आणि वलांडी-तिवरांच्या जागेवर स्वतःच्या हाताने लिहिले: "मोकळी ठेवणे."

साळवेंनी विचारले, "रंग कोणता देऊ, साहेब?"

"देऊ नका."

साळवे माझ्याकडे पाहू लागले. मी माझ्या कामाकडे पाहिले.

*

मोकळी जागा पाहून व्यापारी खवळले. उंच माळावरचे स्थानक त्यांच्या दुकानांपासून दूर पडत होते. त्यांच्या पुढाऱ्याने घरच्या चिकूंची पेटी घेऊन नाशिक गाठले. "झुडपांपायी गावाचा विकास अडवू नका, साहेब," तो म्हणाला. "तिथं बोंबील टांगण्यापलीकडे काही होत नाही."

साहेब म्हणाले, "तुमच्या चिकूच्या वाडीतही चिकू टांगण्यापलीकडे काही होत नाही."

पेटी त्यांनी परत पाठवली. कार्यालयात याबद्दल साहेबांचा आदर वाढला. जाधवांचा अपवाद, त्यांच्या मते आदर पेटी ठेवूनही वाढवता आला असता.

पुढाऱ्याने वरपर्यंत तक्रार केली. वरून उत्तर आले की, नकाशात जागा मोकळी सोडण्याची तरतूद नाही. एक तर काहीतरी प्रस्तावित करा, नाही तर पूर्वीचे स्थानक कायम करा. साहेबांनी जागा कशासाठी राखायची त्याचे नवे आरक्षण विचारपूर्वक लिहिले: "भरतीचे पाणी, तिवरे व मासळी वाळवणे." मी ते माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरांत काढले. आठ दिवसांत निरोप आला. पुण्याहून मोठे साहेब स्वतः जागेवर सुनावणी घेतील, आणि त्यांचा निर्णय अखेरचा.

*

सुनावणीची तारीख निघाली सन १९८१ च्या नोव्हेंबरात, त्रिपुरी पौर्णिमेला. दरवर्षी त्या दिवशी मी गोदावरीवर वाती लावते. पण सुनावणीचे टिपण घेण्यासाठी स्वच्छ अक्षराचे माणूस हवे होते, आणि साहेबांनी ते दुसऱ्या कोणावर सोपवायला नकार दिला. म्हणून वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी प्रथम समुद्र पाहिला. त्याविषयी मी इतकेच म्हणेन की, तो नकाशात काढतो तसा मुळीच नाही. त्याला कडा नाही.

सुनावणीची वेळ हरकतदारांच्या सोयीने ठरवावी, असा आमच्या कार्यालयाचा रिवाज होता. त्याप्रमाणे जाधवांनी हिराबाईला वेळ विचारली होती. तिने सकाळी अकरा सांगितली. टेबल-खुर्च्या वादातल्या जागेच्या अगदी मध्यावर मांडाव्यात, म्हणजे मोठ्या साहेबांना पाहणीसाठी वेगळे चालावे लागणार नाही, ही सूचनाही तिचीच. जाधव त्या दिवशी सकाळपासून अनवाणी हिंडत होते. मी त्यांना कारण विचारले नाही.

मोठे साहेब वेळेवर आले. शांत, नेमके बोलणारे गृहस्थ. पायांत काळे चकचकीत बूट. एका बाजूला वलांडींच्या ओळी, दुसऱ्या बाजूला तिवरे, मध्ये आमचे टेबल. व्यापाऱ्यांचा पुढारी पांढऱ्या धोतरात पुढेच बसला होता. हिराबाई वाळूत फतकल मारून बसली होती आणि तिच्यामागे सारा कोळीवाडा.

मोठ्या साहेबांनी बुटाच्या टाचेने जमीन दाबून पाहिली. "जागा तर कोरडी ठणठणीत आहे, गायधनी."

"तेच आम्ही सांगतोय, साहेब," पुढारी म्हणाला. "उगाच पाण्याचं नाव करतात."

मोठ्या साहेबांनी आराखडा वाचला. "आरक्षण कशासाठी? भरतीचे पाणी, तिवरे... म्हणजे समुद्रासाठी."

"होय, साहेब."

"मी शाळेसाठी आरक्षण पाहिले आहे, दवाखान्यासाठी पाहिले आहे, स्मशानासाठी पाहिले आहे. समुद्रासाठी आजवर पाहिले नाही."

"आम्हीही पूर्वी घाटच काढला होता, साहेब," गायधनी साहेब म्हणाले.

"असो. पण नियम तुम्हाला ठाऊक आहे. आरक्षण टाकले की जागेचा ताबा घेणारे कोणीतरी लागते. शाळेची जागा शाळा घेते, स्थानकाची एस.टी. घेते. ताबा घेणारा नसेल तर हे आरक्षण मी ठेवू शकत नाही. मला स्थानकच कायम करावे लागेल. सांगा, या जागेचा ताबा कोण घेणार?"

गायधनी साहेब आराखडा उलटसुलट करून पाहू लागले.  माझे पेन कागदावर टेकलेले होते. पुढारी खुर्चीत मागे रेलला.

हिराबाई वाळूतूनच म्हणाली, "बसा सायेब. च्या घ्या. तो येतोच हाय."

"कोण?"

"ताबा घेनारा."

मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिले, मग हिराबाईकडे पाहिले, आणि ते बसले. कपबश्या आल्या. चहा आले घालून केलेला होता आणि फार कढत होता, त्यामुळे कोणालाच तो लवकर संपवता येईना.

प्रथम तिवरांच्या मुळांमध्ये काहीतरी चकाकले. मग होड्या ओढून वाळूत पडलेल्या चाकोरीतून एक बारीक ओघळ टेबलाच्या दिशेने निघाला, जरा थांबला, आणि पुन्हा निघाला. त्याच्यामागून दुसरा आला. कोळीवाड्यातले कोणी हलले नाही. पुढाऱ्याने धोतर घोट्यापर्यंत उचलले, मग पोटरीपर्यंत. मग "जरा एक काम आहे," असे म्हणून तो शाळेमागच्या माळाकडे चालू लागला. मी चपला काढून मांडीवर घेतल्या आणि त्यांवर कागद धरले. गायधनी साहेब उठून उभे राहिले.

मोठे साहेब मात्र उठले नाहीत. पाणी त्यांच्या बुटांवरून गेले, खुर्चीच्या पायांना वळसा घालून टेबलाखालून पलीकडे निघाले आणि वलांडींच्या पहिल्या ओळीपाशी जाऊन टेकले. त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि बशी नीट कपाखाली ठेवली.

"मोघेबाई, लिहा."

"काय लिहू, साहेब?"

"ताबा घेतला. आजची तारीख घाला."